समीक्षाची पेटी

वागळे इस्टेटमधल्या दौलतशेठच्या कारखान्यात विजेची पॅनेलं बनत. माणसाच्या उंचीची लोखंडी कपाटं, दारावर मीटर आणि आत तारांचं जंगल. या कारखान्यात दोन गोष्टींना मनाई होती: कामाच्या टेबलावर चहाचा कप आणि आठ हा आकडा.

आठ हा शनीचा आकडा, तुम्हाला धार्जिणा नाही, असं एका ज्योतिषाने शेठना पंधरा वर्षांपूर्वी सांगितलेलं. तेव्हापासून तिथल्या एकाही तारेला आठ नंबर मिळाला नव्हता. सातनंतर नऊ, सतरानंतर एकोणीस. जिथे उडी मारता येत नसे, तिथे ‘७अ’. तारांच्या टोकांना ओवायचे पिवळे आकडे मण्यांसारखे पाकिटांतून येत, शून्य ते नऊ. त्यातली आठची पाकिटं स्टोअरच्या सर्वांत वरच्या फळीवर सीलबंद पडून होती. नवीन माणूस आला की दोन दिवस हसायचा, तिसऱ्या दिवशी न चुकता ‘७अ’ लिहायचा.

समीक्षा घाग तिथे सहा वर्षं तारा जोडत होती. हात इतका साफ, की तिचं पॅनेल उघडलं तर वेणी घातल्यासारखं दिसे. पण तिला टेस्टिंगला, म्हणजे गिऱ्हाइकाच्या साइटवर पॅनेल तपासून चालू करायला, जायचं होतं. पॅनेल जन्माला घालायची हिने आणि बारशाला जायचं दुसऱ्यांनीच, हे तिला सोसत नव्हतं.

शेठचा नियम होता, ज्याचा स्वतःचा कॉम्प्युटर त्यानेच साइटवर जायचं. हा नियम नेमका त्या आठवड्यात निघाला, ज्या आठवड्यात शेठचा पुतण्या ऋतुराज इंजिनियर होऊन, काखेत पापडासारखा पातळ लॅपटॉप घेऊन कारखान्यात दाखल झाला. नियम पुतण्याच्या मापाने बेतलेला, हे स्टोअरच्या मांजरालाही कळत होतं. समीक्षाने मात्र तो खरा धरला.

“कॉम्प्युटर म्हणजे लॅपटॉपच लागतो का, शेठ?”

“चालणारा, नेता येणारा, स्वतःचा. एवढं असलं की झालं,” शेठ म्हणाले आणि विसरले.

समीक्षा विसरली नाही. कोण कधी काय म्हणालं, याची नोंद तिच्या डोक्यात तारखेनिशी असे.

शोरूममधला लॅपटॉप तिच्या आवाक्यातला नव्हता. पण पत्त्यांच्या कॅटएवढ्या हिरव्या पाटीवर अख्खा कॉम्प्युटर मिळतो, हे तिला ठाऊक होतं. ती पाटी आली. सात इंची पडदा आला, छोटा कीबोर्ड आला. पेटी तिने पॅनेलच्या पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांतून वाकवली, शेठना विचारून. बिजागरी पॅनेलच्या दाराची, कुलूपही पॅनेलचंच. डोंबिवलीच्या घरात रविवारी दुपारी ओट्यावर एका बाजूला आई, मंजुळाबाई, भाकऱ्या थापायच्या आणि दुसऱ्या बाजूला ही तारांना डाग द्यायची.

“अगं, त्या धुराची बाधा लागेल पिठाला!”

“पिठाची बाधा माझ्या पाटीला लागतेय, आई. तू जरा सरक.”

पहिली पाटी तिने स्वतःच्या हाताने मारली. ती पाच व्होल्टवर चालणारी. पॅनेलांत मुरलेल्या समीक्षाने सवयीने तिला चोवीस दिले. चर्र झालं, वास सुटला.

“काय करपलं गं?” आईने विचारलं.

“माझा शहाणपणा.”

करपलेली पाटी तिने दोरा बांधून कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली, रोज दिसावी म्हणून. दुसरी आणायला तीन महिने लागले. या वेळी आत एक छोटा कन्व्हर्टर बसवला, चोवीसचे पाच करणारा. आता पेटी स्वतःच्या बॅटरीवर चालेल आणि पॅनेलच्या बॅटरीवरही. आतल्या प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना पिवळे आकडे ओवले. सातनंतर नऊ. हाताची सवय.

पेटी कारखान्यात आली, तशी सगळ्यांची करमणूक झाली.

“पेटी आणलीस, तबलजी कुठाय?” फोरमन रतनमामा म्हणाले.

“उघडायला पाना लागतो का गं?” ऋतुराजने विचारलं.

“नाही सर, किल्ली.”

शेठनी ती उचलून वजनाचा अंदाज घेतला. “अडीच किलो! चोर नेणार नाही, एवढा एक फायदा.”

“चालणारा, नेता येणारा, स्वतःचा,” समीक्षा म्हणाली. “अकरा जूनला बोललेलात. पॅकिंगच्या टेबलाशी, हातात केळं होतं.”

शेठनी पेटी खाली ठेवली. “बरं. शुक्रवारी कोलशेतला चल. चालली तर टेस्टिंगला. नाही चालली तर टेबलावर परत, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?”

“कबूल.”

शुक्रवारी शेठ, ऋतुराज, रतनमामा आणि समीक्षा कोलशेतच्या फॅक्टरीत पोचले. तिथे त्यांनी बनवलेलं नवं पॅनेल उभं होतं, बारा मीटरांचं. जोडणीसाठी तिथली वीज संध्याकाळपर्यंत बंद होती. जिवंत होती ती फक्त पॅनेलची बॅटरी. काम साधं होतं. बाराही मीटर दोन तारांच्या एकाच जोडीवर बसलेले. कॉम्प्युटरने शाळेतल्या हजेरीसारखे नंबर पुकारायचे, ज्याचा नंबर त्याने उत्तर द्यायचं.

ऋतुराजने पुकारा केला. एक ते सहा हजर. सात काहीतरी बरळला. आठ गप्प. नऊपासून पुढचे पुन्हा हजर. त्याने तासभर तेच केलं.

“दोन मीटर खराब आहेत,” तो शेवटी म्हणाला. “बदलायला दहा दिवस लागतील.”

“दहा दिवस?” फॅक्टरीच्या इंजिनियर श्रिया मॅडमनी हातातली यादी मिटली. “सोमवारी आमची लाइन सुरू होतेय.”

“एकदा परत बघतो,” ऋतुराज म्हणाला, तेवढ्यात त्याच्या लॅपटॉपने टुक केलं आणि डोळा मिटला. चार्जर होता, पण भिंतीत वीज नव्हती.

शेठनी घाम पुसला. “समीक्षा, काढ तुझी पेटी.” गिऱ्हाइकापुढे गावच्या वेडसर काकांची ओळख करून द्यावी, तसा आवाज.

समीक्षाने किल्ली फिरवली. पॅनेलच्या बॅटरीला तार लावताना तिच्या डोळ्यांपुढे घरचा कॅलेंडरचा खिळा आला. तिने प्लस-मायनस दोनदा तपासलं, मग तिसऱ्यांदा. जोडलं. चर्र झालं नाही. पडदा उजळला.

तिचा प्रोग्राम दिसायला गावंढळ, पण मीटर जे बोलेल ते जसंच्या तसं दाखवणारा. सातने बरळ ओकली. तिने पुन्हा पुकारलं, बरळ वेगळी. तिसऱ्यांदा आणखी वेगळी. तिला वाटलं, बिघडलेला माणूस एकच रडगाणं गातो. हे तर दोघं एकदम ओरडल्यासारखं येतंय.

तिने मान वर करून दाराकडे पाहिलं. सहा, सात, ७अ, नऊ. मीटरांखालची ती नंबरांची पट्टी तिनेच चिकटवली होती.

तिने ७अ मीटरच्या दोन तारा सोडवल्या आणि सातला पुकारलं. खणखणीत उत्तर.

“मामा, ७अ च्या मीटरमध्ये नंबर कुठला टाकलेला?”

“सात,” रतनमामा म्हणाले. “अ कुठून टाकू? मीटरला फक्त आकडे येतात.”

कारखान्यात एकेक मीटर वेगळा तपासलेला, तेव्हा दोघंही शहाण्यासारखे बोललेले. इथे एकाच तारेवर आले आणि सात म्हटलं की दोघं हात वर करत होते.

“मीटर चांगले आहेत, मॅडम,” समीक्षा म्हणाली. “हजेरीपटात एक नाव दोनदा आहे.”

“मग दुसऱ्याला आठ द्या, झालं!”

कारखान्याची तीन पुरुष माणसं आपापल्या बुटांकडे पाहू लागली.

“तेरा देऊ,” शेठ म्हणाले. “तेरा छान आकडा आहे.”

“आमचा कॉम्प्युटर एक ते बाराच पुकारतो. आठला काय झालंय? घड्याळात आठ वाजतात तेव्हा काय करता तुम्ही?”

“चहा पितो,” शेठ पडेल आवाजात म्हणाले.

समीक्षाचं बोट मीटरच्या बटणावर होतं. “शेठ, शनी कष्ट करणाऱ्याला देतो म्हणतात. सहा वर्षं मी दुसरं काय केलंय? लागला तर माझ्या नावावर लागू द्या.”

शेठनी खिडकीकडे तोंड फिरवलं. “दाब. मी बघत नाहीये.”

तिने आठ टाकला, तारा परत जोडल्या आणि पुकारा सुरू केला, या वेळी मोठ्याने. सहा, सात. आठ म्हणताना खिडकीकडचं तोंड हळूच वळलं. आठ हजर! नऊ, दहा, अकरा, बारा. रतनमामांनी टाळी वाजवली आणि मग ती कोणी वाजवली हे शोधत असल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

श्रिया मॅडम वाकून पेटी निरखत होत्या. “दाराला कुलूप, तारांना नंबर! हे कोणी बनवलं?”

“आमच्या टेस्टिंगवालीने,” शेठ म्हणाले. एका क्षणाचाही विचार न करता.

समीक्षाने तारीख मनात टिपली.

“तुझ्या पेटीवर माझा लॅपटॉप चार्ज होईल का गं?” ऋतुराजने हळूच विचारलं.

“नाही सर. फोन लावा हवं तर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टोअरमध्ये स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून आठचं पाकीट काढलं. धूळ झटकली, कात्रीने सील कापलं. खालून रतनमामा म्हणाले, “आज शनिवार आहे, बघ हं.”

“म्हणूनच तर, मामा.”

तिने पेटी उघडली. सातच्या शेजारच्या, शेवटच्या तारेवरचे नऊ काढले आणि दोन्ही टोकांना कोरे, पिवळेधमक आठ ओवले.