बाबांची अंगठी आणि मेलेला मासा

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांच्या शिष्याने खोल पाण्यातून गळाने ओढून आणलेला मासा टबात उताणा तरंगत होता. डोळे बटाट्यासारखे बाहेर, पोट टम्म फुगलेलं, जठर तोंडाबाहेर.

"मेला की नाही?" बाबा गरजले.

"मेला!" गर्दी ओरडली.

"माझ्या हाताला मरण मान्य नाही!" बाबांनी अंगठीचा हात माशावरून फिरवला आणि त्याला समुद्रात सोडलं. मासा सुळकन खाली गेला. लोकांनी हात जोडले.

गर्दीत उभ्या असलेल्या एका गळवाल्या मच्छीमाराचं डोकं फिरलं. बाबांच्या दर्शनाच्या रांगेत सगळ्यांत पुढे त्याची मेव्हणी होती. चार दिवस तिने इन्सुलिन घेतलं नव्हतं. गेल्या वर्षी तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, याच बाबांच्या शब्दावर औषध सोडलं होतं. तीन आठवड्यांत ती गेली.

"चल, दवाखान्यात जाऊ."

"भाऊजी, मेलेला उठला! डोळ्यांनी बघितलंत ना?"

"मेला नव्हताच गं!"

"दुःखाने तुमचा विश्वास उडालाय."

वर्षभर सगळे त्याला हेच ऐकवत होते. त्याने होडीतून आपला मासा आणला. लहान होता, तसाच फुगलेला. खिशातली पोकळ सुई त्याने माशाच्या कल्ल्यामागच्या पराखाली खुपसली. फुस्स! पाण्यात सोडताच मासा खाली गेला.

"खोल पाण्यात दाब असतो. वर ओढला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, म्हणून तो बुडत नाही. हवा काढली की बुडतो. लहान मासे मी रोज असेच सोडतो. त्यातले काही खाली जाऊन मरतातही. ते तुम्हाला कुठे दिसतंय?"

"म्हणजे यालाही सिद्धी आहे!" मागून कुणीतरी म्हणालं. एक आजी त्याच्या पायाशी वाकल्या.

"अहो आजी, सुई आहे ही! हात लावून बघा!" तो कळवळून ओरडला.

मेव्हणीने त्या सुईकडे बघितलं आणि बाबांचा अंगठीचा हात धरला. त्यांनी मूठ आवळली, पण तिने बोटं उलगडली. अंगठीच्या तळहाताकडच्या बाजूला पोकळ काटा होता. तिच्या बोटातून रक्त आलं.

"ताईलाही हेच दाखवलं होतं?" तिने भाऊजींना विचारलं.

"हो. मी तेव्हा समुद्रावर होतो."

ती रांगेतून बाहेर आली. तो लोकांकडे वळला. "पाया पडण्याआधी हात उघडून बघा. आणि औषध बंद करायचं असेल तर डॉक्टरला विचारा, दुसऱ्या कुणाला नाही."

निम्मी रांग तरीही हलली नाही. बाबांनी शिष्याला दुसरा मासा आणायला सांगितलं. मेव्हणीला घेऊन दवाखान्याकडे निघालेला गळवाला पुन्हा मागे फिरला आणि रांगेतल्या शेवटच्या माणसापासून एकेकाला विचारू लागला, "तुमचं कोणतं औषध बंद केलंय?"