ताईच्या तळपायातली गाठ

झुनिल्दाताई एन्कार्नासियोन शहरात मुलींना नाच शिकवायची. चाळिशीतच तिची हाडं तडकू लागली. आधी बरगड्या, मग मांडी. चालताना ती बदकासारखी डुलायची. कोणी संधिवात म्हणालं, कोणी मनाचे खेळ. तिचा नवरा, माझा मेहुणा पोर्फिरिओ, तिला म्हणायचा, "बहिणीला आवर तुझ्या. रोज नवा डॉक्टर शोधून आणते." ती बहीण म्हणजे मी.

शेवटी राजधानीतल्या, असुन्सिओनच्या डॉक्टर ओवेलारबाईंनी ताईचं रक्त आणि लघवी तपासली. अंगातला फॉस्फरस लघवीवाटे वाहून जात होता.

"हाडं मुकाट उभी असतात असं आपल्याला वाटतं," बाई म्हणाल्या. "पण ती रक्तातून मूत्रपिंडांना निरोप धाडतात, फॉस्फरस जास्त झालाय, टाकून द्या. यांच्या अंगात कुठेतरी एक गाठ असणार, ती तोच निरोप सारखा धाडतेय. मूत्रपिंडं ऐकतात आणि हाडं उपाशी राहतात."

बाईंनी ताईला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. तळपायाला वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं.

"ते कुरूप आहे हो," ताई म्हणाली. "नाचून नाचून झालेलं."

स्कॅनमध्ये नेमकी तीच जागा उजळली.

गाठ काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासलं, तर फॉस्फरस तसाच कमी. पोर्फिरिओ तेरेरेच्या, म्हणजे पानांच्या थंड चहाच्या, पेल्यात गार पाणी ओतायचा आणि प्यायचं विसरायचा.

"मी उगाच पाय कापून घेतला का गं?" ताईने विचारलं.

शस्त्रक्रियेचा हट्ट माझाच होता.

"थांबू या थोडं," एवढंच म्हणाले.

पुढच्या तपासणीत आकडा जरासा वर सरकला होता. बाई हसल्या नाहीत. "एवढ्यावर हुरळून जाऊ नका," म्हणाल्या. आठवडा सरता सरता मात्र तो जागेवर आला. पोर्फिरिओ कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मांडीचं हाड भरायला वर्ष गेलं. आता ताई काठी घेऊन बाजारात जाते, भाजीवालीशी भांडते. पण अशी गाठ पुन्हा उगवू शकते, असं बाईंनी सांगून ठेवलंय. रक्त द्यायचा दिवस जवळ आला की मेहुणा ताईला चोरून मला फोन करतो.

"नवा डॉक्टर नाही ना शोधावा लागणार?" असं विचारतो, आणि हसायचा प्रयत्न करतो.