पोटात शटर असलेली बाई

भाविकने हॉलच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडलं, खिळा ठोकला आणि हात मागे केला. वनिताने फ्रेम त्याच्या हातात दिली.

काचेमागे तिचंच चित्र होतं. गॉशच्या दाट जलरंगांत काढलेली एक बाई. तोंडाच्या जागी पार्सलच्या खोक्यांची कात्रणं चिकटवलेली, पोटात गोदामाचं शटर, केसांतून खाडीचे मासे निसटणारे. पदराच्या काठाने वनिताने बारीक अक्षरांत कविता लिहिली होती. ठाण्याच्या एका प्रदर्शनासाठी चित्राची निवड झाली होती.

“शुक्रवारपर्यंत पोचवायचंय ते,” ती म्हणाली.

“कशाला? तिथं कोण आपल्या ओळखीचं? इथं काय कमी लोक येतात?” तो फ्रेम सरळ करत म्हणाला. “मुद्दाम भारीतली काच लावून आणलीय.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काही बोलता आलं असतं.

दोन दिवस भिवंडीजवळच्या अंजूर गावातल्या त्यांच्या नव्या बंगल्यात, गोदामासाठी जागा बघणारे भाविककडे येत राहिले. सगळ्यांनी रंगांचं कौतुक केलं. “आमच्या मिसेसने केलंय,” भाविक सांगायचा. वनिता चहा ठेवून आत जायची. कविता कुणी वाचली नाही. त्यानेही नाही.

शुक्रवारी दुपारी भाविक शेजारच्या वळ गावी कामावर गेला. भांडी लावून वनिता बाहेर आली, तर सासू चित्रापुढे उभी होती. चौथीपर्यंत शिकलेली हौसा हातभर लांबून, चष्म्याशिवाय, एकेक अक्षर लावत होती.

“‘माझ्यात सगळ्यांचा माल. माझं नाव एकाही खोक्यावर नाही,’” तिने शेवटची ओळ वाचली. मग वनिताकडे वळली. “हे तुझं लिवलंस का माझं?”

वनिता तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

हौसाने फोन काढून मुलाला लावला.

“भाविक, डोल्यांना काय दिसत न्हाय रं सकालपासून. वनिताला घेऊन ठाण्याला डॉक्टरकडं जाते. न्हाय, तू नको येऊस. रिक्षा सांगितलीय.”

फोन ठेवून तिने खुर्ची भिंतीपाशी ओढली.

“आई, आल्यावर त्यांना भिंत रिकामी दिसेल.”

“दिसंल,” हौसा म्हणाली आणि खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली. “चढ.”