कडी तुटली नव्हती

मित्रांनो, सांडोरला केळीच्या एका वाडीत, विहिरीच्या पलीकडे जे लोखंड ताडपत्रीखाली झाकलेले होते, ते म्हणजे मी. मी एक जुनी पिकअप गाडी आहे. माझे पुढचे डावे चाक वाकलेले आहे, काच केव्हाच फुटली आहे आणि माझ्या हौद्यात गवत उगवले आहे. नऊ वर्षांत मी एक वीतभरही पुढे सरकले नाही. उद्या मला तोडणार आहेत. त्याआधी तुम्हाला काही सांगायचे आहे.

१९९४ साली दिनानाथ मला घरी घेऊन आले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. दिनानाथ माझे मालक, केळीचे बागायतदार. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनी माझ्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. त्यांची पाच वर्षांची मुलगी इशिता हौद्यात चढून बसली आणि जेवायला हाक मारली तरी उतरेना. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. केळीचे घड, पानांचे भारे, कधी पडवळ, कधी अळू. मी पावसाळ्यात चिखलातून गेले, मे महिन्यात तापलेल्या डांबरावरून गेले. "माझ्या गाडीने कधी दगा दिला नाही," असे दिनानाथ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते ऐकले की माझे इंजिन सुद्धा जरा गोड आवाजात चाले, असे मला वाटे.

सावित्रीबाईंना परक्या घरी झोप लागत नसे. लांबच्या लग्नाला गेल्या तरी त्याच दिवशी परत. लॉजची गादी म्हटली की त्यांच्या अंगावर काटा येई. त्यामुळे हे कुटुंब कधी प्रवासाला गेलेच नव्हते. एकदा आम्ही कळंबच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे कसलेतरी शूटिंग चालू होते आणि सुरूच्या झाडांखाली चाकांवरची एक खोली उभी होती. तिला खिडकी होती, पडदा होता, आणि आत एक बाई गॅसवर चहा करत होती. सावित्रीबाई कितीतरी वेळ तिकडे बघत राहिल्या.

परत येताना त्या म्हणाल्या, "अहो, असं काही आपल्याकडे असेल ना, तर मी कुठेही यायला तयार आहे. आपलाच चहा, आपलीच गादी. खिडकीबाहेर तेवढं दुसरं गाव."

बायकोने लग्नानंतर पहिल्यांदाच काही मागितले होते. दिनानाथ दुसऱ्याच दिवशी मला घेऊन व्हॅलेरियनकडे गेले. व्हॅलेरियन त्यांचा शाळेपासूनचा मित्र. पापडीला त्याचे वेल्डिंगचे छोटे दुकान होते. काही वर्षे तो आखातात काम करून आला होता आणि अशा खोल्या त्याने तिकडे पाहिल्या होत्या.

नायगावला एका शूटिंगवाल्याची जुनी खोली विकायला होती. आम्ही सगळे ती बघायला गेलो. आत सोफा होता, मोठा आरसा होता आणि आरशाभोवती दिवे. इशिता सोफ्यावर उड्या मारू लागली. दिनानाथ तर हो म्हणण्याच्या बेतात होते. व्हॅलेरियन मात्र त्या खोलीखाली पाठीवर आडवा झाला होता. बऱ्याच वेळाने तो हात पुसत बाहेर आला.

"ही नको," तो म्हणाला.

"का रे? आपली गाडी ओढेल की."

"ओढेल. ओढायचा प्रश्नच नाही. उतारावर थांबवेल का, ते बोल. ही रिकामीच अठराशे किलो आहे. त्यात वहिनींची भांडी घाल, पाणी घाल, गाद्या घाल. घाटात ही मागून ढकलायला लागली ना, की तुझ्या गाडीचे ब्रेक काही कामाचे नाहीत."

मित्रांनो, मला त्या दिवशी फार बरे वाटले. इतक्या वर्षांत माझ्यावर किती चढवता येईल हे सगळ्यांनी पाहिले होते. मला किती झेपेल हे पाहणारा तो पहिलाच माणूस.

इशिता रुसली. सावित्रीबाईसुद्धा आरशाकडे वळून वळून बघत होत्या. व्हॅलेरियन म्हणाला, "वहिनी, मी बनवून देतो. आरसा लहान असेल. पण घरी सुखरूप याल."

त्याने तीन महिने खपून ती खोली बांधली. पातळ चौकोनी पाइप, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन बाक, शेगडीसाठी कट्टा, आणि सावित्रीबाईंच्या बाकाला लागून एक खिडकी. हायवेवरच्या काट्यावर नेऊन त्याने ती जोखली. पाचशे ऐंशी किलो. माझ्या मागे कडी बसवायची होती, तिच्यात खोलीचा दांडा अडकायचा होता. ते वेल्डिंग त्याने दोनदा घासून काढले आणि तिसऱ्यांदा केले. त्याची बायको मार्गारेट चहा घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून हसली.

"आमच्या लग्नाच्या दिवशी सुद्धा ह्यांनी एवढं लक्ष दिलं नव्हतं!"

मग व्हॅलेरियनने सावित्रीबाईंना जवळ बोलावले. दिनानाथांपेक्षा त्याचा त्यांच्यावर जास्त भरवसा होता. "वहिनी, लक्षात ठेवा. सगळं भरून आठशेच्या वर जायचं नाही. जड सामान पुढे ठेवायचं, मागे ठेवलं की खोली शेपटासारखी हलायला लागते. आणि गाडी चालू असताना आत कोणी बसायचं नाही. झोपायचं तर अजिबात नाही."

"नाही बसणार," सावित्रीबाई म्हणाल्या.

२००० सालच्या मे महिन्यात आम्ही निघालो. नाशिकच्या पुढे दिनानाथांच्या ओळखीचा एक मळा होता, तिथे आंब्याखाली मुक्काम केला. कसारा घाट मी सहज चढले. मागे खोली आहे हे मला जाणवतच नव्हते. पहिल्या सकाळी सावित्रीबाईंना ऊन खिडकीतून आत आल्यावर जाग आली. एवढ्या उशिरा त्या आयुष्यात कधी उठल्या नव्हत्या. त्यांना स्वतःचेच हसू आले. त्यांनी चहा ठेवला आणि कप हातात घेऊन खिडकीपाशी बसल्या. बाहेर कांद्याची शेते होती. "अगं इशिता, बघ तरी," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. असे चार दिवस गेले. ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते.

निघायच्या आदल्या दिवशी कांदे आले.

मळेवाल्याने सुरेख कांदा दाखवला. पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस. दिनानाथांना आळीतल्या प्रत्येकाची आठवण झाली. शेजाऱ्यांना एक पोते, बहिणीला दोन, देवळातल्या गुरवाला एक. "आणि एक व्हॅलेरियनला. त्याच्यामुळेच तर आलो," ते म्हणाले. माझ्या हौद्यात बारा पोती बसली. सहा उरली. ती गडी खोलीत ठेवू लागले. इशिता दारात उभी राहून सांगत होती, "तिथे नको, आईची खिडकी झाकेल. इथे मागे ठेवा, मागे." तिला आईची खिडकी मोकळी हवी होती. अकरा वर्षांच्या मुलीला आणखी काय कळणार?

मला मात्र कळले. दुसऱ्या दिवशी पहिल्या वळणावरच मागून हिसका बसला. पण मला बोलता येत नाही.

त्या सकाळी निघतानाच सावित्रीबाईंचे डोके दुखत होते. मळ्यावरच्या माणसांना जेवण घालून जायचे म्हणून त्या चारपासून उठल्या होत्या. घाटाच्या अलीकडे दिनानाथांनी मला थांबवले आणि त्यांच्याकडे पाहिले.

"मागे जाऊन पड जरा. कशाला अशी डुलक्या घेत बसतेस?"

"नको. व्हॅलेरियनभावजींनी नको म्हटलंय."

"अगं, तासाभराचा तर घाट आहे. मी सावकाश चालवतो. तुझ्यासाठीच तर खोली बनवली ना? जा, पड."

त्या गेल्या. दार लावून घेतल्याचा आवाज मी ऐकला.

दिनानाथ खरेच सावकाश चालवत होते. उतार सुरू झाला आणि मागचे वजन मला ढकलू लागले. एका वळणावर मोठा ट्रक आमच्या बाजूने वेगात गेला. त्याच्या वाऱ्याने खोली हलली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग आणखी जोरात. दिनानाथ घाबरले आणि त्यांनी ब्रेक करकचून दाबला. मी जीव तोडून थांबायचा प्रयत्न केला, मित्रांनो. मला थांबता आले नाही. खोली आडवी झाली, मला फरफटत घेऊन गेली आणि आम्ही दगडी कठड्यावर आदळलो.

पुढे बसलेले दोघे वाचले. सावित्रीबाई पोत्यांखाली सापडल्या. लोकांनी पत्रा उचकटून त्यांना बाहेर काढले, तेव्हा त्या गेल्या होत्या.

रस्ता मोकळा करायला कोणीतरी गॅसकटर आणला आणि खोलीचा दांडा मधोमध कापला. त्याचा हातभर तुकडा माझ्या कडीत तसाच अडकून राहिला. मला ट्रकमागे बांधून सांडोरला आणले, विहिरीपलीकडे ढकलले आणि दिनानाथांनी स्वतः माझ्यावर ताडपत्री टाकली.

अंगणात माणसे जमली होती. मला सगळे ऐकू येत होते. "कशानं झालं?" एकाने विचारले. दिनानाथ बोलले नाहीत. "कडी तुटली असणार," दुसरा म्हणाला. "घरी बनवलेल्या वस्तूचा काय भरवसा?" दिनानाथ तेव्हाही बोलले नाहीत.

मग व्हॅलेरियन आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "दिनानाथ, माझी कडी तुटली?"

ताडपत्रीच्या फटीतून मला दिसले, दिनानाथांनी तोंड ओंजळीत लपवले. व्हॅलेरियनने तेच उत्तर मानले. तो मागे वळला, आणि त्यानंतर कालपर्यंत या वाडीत त्याने पाऊल ठेवले नाही.

दिनानाथ वाईट माणूस नव्हते. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, हे मी समजू शकते. पण दुसरा दिवस आला, तिसरा आला, आणि रोज ते सांगणे जास्त जड होत गेले. महिन्याभरात व्हॅलेरियनचे दुकान बंद पडले. गेट करून घ्यायलाही त्याच्याकडे कोणी जाईना. तो आचोळ्याला एका इमारतीत वॉचमन झाल्याचे मी वाटेने जाणाऱ्यांच्या तोंडून ऐकले. रोज संध्याकाळी दिनानाथ माझ्यापाशी यायचे, ताडपत्रीवर हात ठेवून उभे राहायचे आणि काही न बोलता परत जायचे. नऊ वर्षे.

काल नथू भंगारवाला आला. इशिता आता वीस वर्षांची झाली आहे. ती त्याला घेऊन मागे आली. नथूने ताडपत्री ओढून काढली आणि माझ्या मागे खाली वाकला.

"ताई, हा दांडा कसला अडकलाय? आणि हा जोड कोनी मारलाय? मानला पाहिजे. गाडी वाकली, जोड हलला नाय."

इशिता गुडघ्यांवर बसली. गंजलेल्या कडीवरून तिने बोट फिरवले. कडी तुटली, हेच आजवर तीही ऐकत आली होती. शिवाय पोती मागे ठेवायला सांगितल्याची स्वतःची चूक तिच्या मनात सलत होती. "आज नको," ती नथूला म्हणाली. तिने सायकल काढली आणि गेली.

दुपारी ती व्हॅलेरियनला घेऊन आली. त्याचे केस पांढरे झाले होते. तो माझ्याकडे बघायलाच तयार नव्हता. इशिताने त्याचा हात धरून कडीवर ठेवला.

"काका, तुटली नव्हती. दांडा कापलाय, बघा. पोती मागे ठेवायला मीच सांगितलं होतं."

"तू केवढीशी होतीस, पोरी," तो म्हणाला. पण त्याचा हात कडीवरून निघेना. वेल्डिंगच्या एकेका टाक्यावरून तो अंगठा फिरवत राहिला.

दिनानाथ विहिरीपाशी येऊन उभे राहिले होते.

"तुला माहीत होतं?" व्हॅलेरियनने विचारले.

"होतं."

"वहिनी आत कशाला गेली? मी नको म्हटलं होतं तिला."

"तिनं सांगितलं मला. तुझं नाव घेऊन सांगितलं." दिनानाथ विहिरीच्या कठड्यावर टेकले. "मीच म्हटलं, जा, पड." मग ते म्हणाले, "मी आता सगळ्यांना सांगतो, व्हॅलेरियन. घरोघरी जाऊन सांगतो."

व्हॅलेरियन उठून उभा राहिला. तो चिडला नाही. चिडला असता तर बरे झाले असते.

"आता कोणाला सांगतोस? मार्गारेट गेल्या वर्षी गेली. रोज रोझरीची माळ जपून झाली की वहिनीसाठी प्रार्थना करायची, आणि मग देवाकडे माझ्यासाठी माफी मागायची. शेवटच्या दिवशी पण मागितली. तिला सांगायला पाहिजे होतं, दिनानाथ."

एवढे बोलून तो केळीच्या रांगेतून निघून गेला. दिनानाथ अनवाणीच त्याच्या मागे धावले. त्यांनी त्याला गाठले की नाही, मला माहीत नाही. माझ्या जागेवरून रस्ता दिसत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, आवडत्या माणसांना घेऊन लांब जाल. जरूर जा. पण निघण्याआधी, आणि परत फिरतानाही, आपल्या गाडीला किती झेपेल ते पाहा. चढ तिला चढता येईल का हे पाहाल, तसे उतारावर तिला थांबता येईल का हेही पाहा. आणि कधी काही चुकलेच, तर ते त्याच दिवशी सांगा. रडत सांगा, अडखळत सांगा, पण सांगा. मी नऊ वर्षे सगळे जाणत होते आणि मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.