बरोबर आलेलं माणूस

रचनावहिनींनी दिलेल्या यादीत इंग्रजी शब्दांच्या चाळीस जोड्या होत्या आणि सुबरावला त्यातल्या सातच येत होत्या. त्या सातही पाठ करून आलेल्या नव्हत्या. शहापुरातल्या एकाच साडीच्या दुकानात, एकाच गादीवर बसून चौतीस वर्षं त्याचे हात दिवसभर तेच करत आले होते. टेक आउट म्हणजे कपाटातून काढणं, पुट बॅक म्हणजे जागच्या जागी ठेवणं, फोल्ड अप म्हणजे घडी घालणं. आपल्या कामाला इंग्रजीत नाव आहे हे त्याला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं, एवढंच. उरलेल्या तेहतीस जोड्यांशी त्याची ओळख नव्हती, आणि ती करून घ्यायची हौसही आता राहिली नव्हती.

पण शनिवार काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

दुकानात हल्ली गिऱ्हाईक पायऱ्या चढून कमी यायचं, मोबाइलच्या पडद्यावरून जास्त. बेळगाव-निपाणीकडून परदेशी गेलेल्यांची पोरंबाळं. त्यांना साडी गावाकडचीच पाहिजे असायची, बोलणं मात्र इंग्रजीत. मालकांच्या सूनबाई रचनावहिनी चिकोडीच्या. जीभ गोड, डोकं थंड. त्यांनी महिन्यापूर्वीच सांगून टाकलं होतं, "अण्णा, दिवाळीनंतर गादीवर एकच माणूस ठेवणार. दुसऱ्यानं वर माडीवर गठ्ठे सोडायचे, चिठ्ठ्या लावायच्या. पगार दोघांना तोच. शनिवारी मी यादी विचारणार. ज्याला जास्त येईल, तो गादीवर."

पगार तोच, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दोनदा सांगितलं म्हणजे त्यांनाही ते थोडं टोचत असणार, एवढं सुबरावनं टिपून ठेवलं. माडीला सतरा पायऱ्यांचा लोखंडी जिना होता आणि त्याच्या गुडघ्यांना दुकानाच्या तीन पायऱ्याच दिवसभर पुरत. पण खरं दुखणं गुडघ्याचं नव्हतं. माडीवर माणसं नव्हती. माणसं बघणं हाच त्याचा धंदा. साड्या त्या बघण्यातून विकल्या जात.

दुसरा माणूस गुंडू. वय एकोणतीस, वडगावचा, जिभेनं चपळ. त्यानं चाळीसच्या चाळीस जोड्या आरतीसारख्या पाठ केल्या होत्या आणि आरतीसारख्याच, अर्थाला न अडता, म्हणायचा.

"अण्णा, लुक आफ्टर?"

"मला कशाला विचारतोस रं? वैनी विचारनार हाईत की."

"सांभाळणे! लुक फॉर?"

"तूच सांग."

"शोधणे! लुक डाउन अपॉन?"

"आता तू माझ्याकडं जसं बघालायस, तसं आसंल काय तर."

गुंडू हसला. पोरगं वाईट नव्हतं. वाईट असतं तर हरताना एवढा शीण आला नसता.

घरी संध्याकाळी सुबराव चहा पुढ्यात घेऊन पुटपुटत बसला, "पुट ऑन, पुट ऑफ, पुट अप, पुट आउट." जयाबाई रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. तिनं रहाट थांबवला.

"अवो, एका पुटाला किती बायका म्हनायच्या?"

"ज्येच्यासंगं जाईल तसा बदलतोय गं त्यो. ऑनसंगं गेला की नेसनं. ऑफसंगं गेला की पुढं ढकलनं. आउटसंगं गेला की इझवनं."

"मग तुमच्यागत न्हाय म्हनायचा. तुम्ही तीस वर्सं माझ्यासंगं हायसा, काय बदललासा?"

रहाट पुन्हा सुरू झाला. सुबरावनं चहा संपवला आणि यादीची घडी घालून खिशात ठेवली. आज पुट ऑफ.

शुक्रवारी दुपारी निपाणीच्या दोघी जावा दुकानात आल्या. थोरलीनं एक साडी धरली की धाकटी म्हणायची, "छान हाय, तुम्हाला शोभंल," आणि थोरली लगेच ती खाली ठेवायची. मग धाकटीनं धरली की थोरली तेच म्हणायची. तासाभरात सव्वीस साड्या उलगडल्या आणि दोघी रिकाम्या हातानं पायऱ्या उतरल्या. त्या आत शिरल्या तेव्हाच सुबरावनं हे मनात मांडलं होतं. बाई बहिणीबरोबर आली तर घेते, पण उशिरा घेते. नणंदेबरोबर आली तर घेते, पण नको ती घेते. नवऱ्याबरोबर आली तर त्याच्या घड्याळावर घेते. जावेबरोबर आली तर पाणी पिऊन जाते. बाई तीच असते; बरोबर कोण आलंय त्यावर सगळं फिरतं.

सव्वीस घड्या घालता घालता विसाव्या घडीला त्याचा हात थांबला. म्हणजे पुट ही बाई. आणि ऑन, ऑफ, आउट ही तिच्याबरोबर आलेली माणसं.

इतक्या वर्षांत सरकारी कन्नड, व्यापाऱ्यांची हिंदी आणि आता ही इंग्रजी, सगळ्यांनी त्याला दमवलं होतं. पण पहिल्यांदाच त्यातलं काहीतरी ओळखीचं निघालं. त्या जोरावर रात्रीपर्यंत आकडा सातावरून अकरावर गेला. तिथं दम संपला.

शनिवारी अडीच वाजता रचनावहिनी यादी घेऊन बसल्या आणि तेवढ्यात फोन वाजला. इंग्लंडातलं लेस्टर. वडील मूळचे बेळगुंदीचे, मुलीचं नाव आरोही, लग्न दोन महिन्यांवर.

"चला, परीक्षा हीच," वहिनी म्हणाल्या आणि यादी बाजूला ठेवली. "गुंडू, तू सुरू कर."

गुंडू सुटला. साडी काढ, टेक आउट. दाखव, होल्ड अप. "ट्राय इट ऑन, मॅडम!" तो म्हणाला. समुद्रापलीकडं बसून ती नेसून कशी बघणार, हे त्याला सुचलं नाही. मुलगी मात्र खळखळून हसली आणि वहिनींच्या चेहऱ्यावर गुण पडलेले दिसले. एकोणीस साड्या झाल्या. प्रत्येकीला मुलगी "नाइस" म्हणाली. शेवटी म्हणाली, "आय विल थिंक इट ओव्हर अँड गेट बॅक टू यू."

गुंडूनं फोनवर हात ठेवला. "गेट बॅक, वैनी! परत येनार म्हन्ली. बाविसावी जोडी!"

सुबरावला बाविसावी जोडी येत नव्हती, पण ही मुलगी काय म्हणाली ते पुरतं कळलं होतं. चौतीस वर्षं तो हे ऐकत आला होता. शहरातल्या बायका "बघून येतो" म्हणत, चिकोडीकडच्या तेच कानडीत "मत्त बर्तीवी" म्हणत, आणि त्यातली एकही परत आलेली त्याला आठवत नव्हती.

शिवाय त्यानं दुसरंही एक बघितलं होतं. राखाडी, मातकट साड्यांना मुलगी पटकन नाइस म्हणायची. मिरचीच्या रंगाची, रुंद काठाची एक उलगडली तेव्हा ती पुढं वाकली, मग डावीकडं, पडद्याबाहेर, क्षणभर बघितलं आणि मागं सरली.

"वैनी, मी जरा बोलू?"

"बोला की."

सुबराव गुडघ्यावर हात टेकून पुढं सरकला. "मॅडम, हू कम विथ?"

"सॉरी?"

"देअर. साइडला. हू सिट?"

"ओह. माय सिस्टर."

"कॉल इन."

बाजूनं एक चेहरा पडद्यात आला. तिशी ओलांडलेली, हातात चहाचा मग. "मी प्रियदर्शनी. मला नका विचारू काय. मी नुसतं बसलोय," ती म्हणाली. मराठी बेळगुंदीची होती, वडिलांनी नेली तशीच राहिलेली.

"तुमचं लगीन कवा झालं, आक्का?"

वहिनींनी डोळे मोठे केले. हा प्रश्न गादीवर रोज दहा जणींना विचारला जायचा, पण परदेशी तो चालत नाही, असं त्यांनी दोघांना बजावलं होतं. पलीकडं प्रियदर्शनीनं आरोहीकडं बघितलं. मग आरोही हळू आवाजात म्हणाली, "इट वॉज कॉल्ड ऑफ. लास्ट यर."

"कॉल ऑफ!" गुंडू उजळला. "रद्द करणे. एकतिसा..."

सुबरावनं त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवून असा दाबला की पुढचं अक्षर आतच राहिलं.

आता जे बोलायचं होतं त्याला चाळीसातली एकही जोडी पुरणार नव्हती. सुबरावनं मिरची रंगाची साडी मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

"आक्का, नव्या साडीची पयली घडी नेसनारी मोडत न्हाय. जिच्यावर जीव हाय तिच्याकडनं मोडून घ्यायची. आदी ती नेसनार, मग नवरी. तुमच्या बेळगुंदीत ठावं आसंल."

"आई म्हणायची कायतरी," प्रियदर्शनी म्हणाली.

"मग ही तुम्ही मोडनार काय? मोडनार आसाल तर उलगडतो. न्हायतर ह्या पोरीला मी ही परत दावतच न्हाय."

घडी कुणी मोडावी यावर गावात चार म्हाताऱ्यांनी चार आक्षेप काढले असते, लग्न मोडलेलीनं तर नाहीच म्हणून. पण पडद्यात म्हातारी एकही नव्हती, हे त्यानं आधी बघून घेतलं होतं.

प्रियदर्शनीनं चहाचा मग खाली ठेवला. "उलगडा," ती म्हणाली.

एका झटक्यात पदर फोनपर्यंत गेला. आरोहीनं या वेळी चोरून डावीकडं बघितलं नाही, सरळ बहिणीकडं वळली, डोळे पुसले आणि म्हणाली, "दॅट वन." थोड्या वेळानं प्रियदर्शनीचाच आवाज आला, "मघाशी ती जांभळी होती न्हाय, ती परत दाखवा. मला."

फोन बंद झाल्यावर रचनावहिनींनी यादी विचारलीच नाही. फोन हातात घेऊन काही तरी जुळवत बसल्या.

"अण्णा, ही बहिणीपायी अडलीय ते आधी कसं कळलं?"

"पोरगी एकटी आल्ती कुठं?"

वहिनींनी मान हलवली. "वर कुणी जायचं नको. गठ्ठे सकाळी गुंडू बघेल. फोनसमोर बोलायला गुंडू, आणि बाजूला तुम्ही. पण पडद्यात यायचं नाही हां अण्णा. दोन माणसं बोलायला लागली की गिऱ्हाईक गोंधळतंय. तुम्ही नुसतं बघायचं आणि ह्याला सांगायचं."

"आन् दुकानात चढून येतील ती?"

"ती तुमचीच. येतील तेवढी."

सुबरावनं त्या हो-नाहीची बेरीज केली. गादी राहिली होती. चेहरा वजा झाला होता.

"मग, गादी ऱ्हायली?" संध्याकाळी जयाबाईनं विचारलं.

"ऱ्हायली. दोन हात सरकली."

तिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे गुंडू झाला पुट, आन् तुम्ही ऑन."

"कवा ऑन, कवा ऑफ," सुबराव म्हणाला आणि गुडघ्याला तेल लावायला घेतलं.

सोमवारी फोनचा स्टँड आला, वर गोल दिवा. गुंडू उजेडात बसला. सुबरावचं आसन कपाटाला लागून, जिथं उजेड पोचत नव्हता तिथं टाकलं होतं. "अण्णा, चुकलो की दाबा हां," गुंडू कुजबुजला आणि गुडघा त्याच्याकडं सरकवून ठेवला.

पडद्यावर एक हसरी बाई आली. गुंडू म्हणाला, "हॅलो मॅडम, व्हॉट आर यू लुकिंग फॉर?" सुबरावनं बाईकडं बघितलंच नाही. पडद्याच्या उजव्या कडेला कुणाचं तरी मनगट दिसत होतं, पुरुषी घड्याळ बांधलेलं. त्यानं ते दोन वेळा नीट बघितलं आणि गुंडूचा गुडघा दाबला.