न दिसणारा उजेड

सुपातला खडा पुन्हा नाहीसा झाला. डावा डोळा उघडला की तो तुरीच्या डाळीत, करडा, टोकदार. मिटला की त्याच्या जागी नुसता काळपट डाग, आणि डागाभोवती डाळ जशीच्या तशी पिवळी... संध्याने चाचपून तो उचलला आणि अंगणात फेकला. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध जळलाय, तेवढी जागा आता परत यायची नाही, असं जालन्याच्या डॉक्टरांनी काल सांगितलं होतं. घरी येऊन ती म्हणाली होती — चष्म्याचा नंबर वाढलाय.

दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला सारखं वाटे. दूरच्या शहरातल्या त्या प्रयोगशाळेत, काळ्या पडद्याआड, ती लेझरचा एक आरसा सरळ करत होती. तिथला उजेड डोळ्यांना दिसत नाही, सलग वाहतही नाही. सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात एकेक ठोका, पण त्या ठोक्यात एवढं बळ की धातू वितळायच्या आधीच त्याची वाफ होते. तो उजेड पडला की चमकणाऱ्या कार्डावरचा ठिपका गॉगलमधून नीट दिसेना, म्हणून तिने गॉगल कपाळावर सरकवला — सगळेच सरकवत, तिच्या गाईड सरांनीच तसं शिकवलं होतं — आणि कुठल्याशा भिंगावरून परतलेला एक ठोका... डोक्यात टक् झालं. वाळलेली शेंग तडकावी तसं. एवढंच. बाहेर बोलू नकोस, सर म्हणाले, लॅब बंद पडेल, तुझी पीएच.डी.सुद्धा. ती बोलली नाही. आणि इकडे आष्टीच्या बाजारात तिचे वडील, रिटायर झालेले अण्णासाहेब मास्तर, अजून भेटेल त्याला सांगत होते, "आमची संध्या उजेडाचे तुकडे करून राह्यली!"

"सकाळधरनं एक डोळा झाकून काय करून राह्यलीस गं?"

मालनबाई समोर येऊन बसल्या. लेकीच्या डाव्या डोळ्यावर त्यांनी आपला तळवा ठेवला. "दिसते का मी?"

कान दिसत होते, पांढरी बट, पदराची कड. मध्ये आई नव्हती.

"न्हाई, माय."

मालनबाई रडल्या नाहीत. तळवा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, कशानं झालं, आणि संध्याने तुटक तुटक सांगितलं.

"आन् आता त्या मशिनीपाशी कोण हाय?"

"मीना. माझ्या मागून आलेली पोरगी."

"तिला ठावं हाय का हे?"

संध्याने डोळ्यावरचा आईचा तळवा बाजूला केला.

"मंग फोन लाव की जल्दी!"

फोन हातात आला. मीना या घटकेला पडद्याआड वाकली असेल, गॉगल कपाळावर, कार्डावरचा ठिपका थरथरत जागेवर येत असेल... तिच्यासाठी जीव तुटायला हवा होता. तुटलाही, पण मागाहून. त्याआधी वर आलं ते वेगळंच — तो आरसा माझा आहे, ती जागा माझी आहे, आणि ही तिथे दोन धड डोळे घेऊन उभी... आणि एक क्षण, एकच, संध्याला वाटलं, होऊ दे तिलाही.

ते वाटून गेलं. आई बघत होती म्हणून तिने मीनाच्या नावावर बोट टेकवलं, आणि पलीकडे घंटी वाजू लागल्यावर, मीनाने फोन उचलावा असं आपल्याला वाटतंय की उचलू नये असं, हेच तिला सांगता येईना.