पेन्सिलची सही

उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता येणार होतं, आणि सकाळपासून मावशीने तिसऱ्यांदा सुई बोटात घुसवून घेतली.

"बाई, कापड शिवा, बोटं कशाला शिवताय?" काजकाका म्हणाले. दारापाशी स्टुलावर बसून ते काजं करत होते. बत्तीस वर्षं या दुकानात काजं आणि बटणं, दुसरं काही नाही; त्यांचं खरं नाव विचारायचं कुणाला सुचलंही नव्हतं.

"तुम्ही तुमची भोकं सांभाळा," मावशी म्हणाली.

तिच्या मांडीवर एक कोट होता. जाड लोकरीचा, गडद निळा, आत अस्तर. गेले सहा आठवडे तो कच्च्या शिलाईतच पडून होता. कोट होता टाचणीचा. टाचणी म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची मुलगी. अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार, म्हणून काकांनीच ते नाव ठेवलेलं. बहीण गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. तेव्हापासून दुकान पुढे, घर मागे, आणि मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना या दोघी.

मावशी शाळेत कधी गेलीच नव्हती. पोर पहिलीत गेली तेव्हा तिच्याच पुस्तकावरून तीही अक्षरं गिरवायला लागली. चाळिशीची बाई आणि सहा वर्षांची मास्तरीण. मास्तरीण मोठी कडक. "आधी पेन्सिलने काढ. चुकलं की खोडता येतं. मग पेनाने." मावशीला हे शिकवावं लागलंच नाही, कारण तिच्या धंद्याची रीत तीच होती. आधी खडूची रेघ, मग कच्चे टाके, मग अंगावर घालून पाहणं, आणि सगळं जुळलं की मशीन. ती नेहमी म्हणायची, "कच्चं आहे तोवर आपलं, पक्कं झालं की गिऱ्हाइकाचं."

आणि घोळ झाला तो इथेच.

टाचणीला पूल बांधायला शिकायचं होतं. जे विद्यापीठ तिला हवं होतं ते आगगाडीने दीड दिवस लांब, कडक थंडीच्या मुलखात. जागा मूठभर, मागणारे ढीगभर. मात्र तिथे एक सोय होती. सगळ्यांच्या आधी अर्ज करायचा, तर उत्तरही सगळ्यांच्या आधी. अर्ध्याहून जास्त जागा अशाच भरायच्या. अट एकच. निवड झाली तर तिथेच यायचं, दुसरीकडे बघायचं नाही. तसं वचन मुलीने द्यायचं आणि पालकानेही, सहीनिशी, कागदावर, टपालाने.

"म्हणजे हो म्हणाले की संपलं?" मावशीने तेव्हा विचारलं होतं.

"संपलं कशाने? सुरू झालं!"

"मागे फिरता येत नाही?"

"मागे फिरायचंय कुणाला?" टाचणी हसली होती. "सही कर आणि पाकिटात घाल. उद्या टाकलंस तरी चालेल, आठवडा आहे अजून."

पोर शाळेत गेल्यावर मावशीने कापायच्या टेबलावर कागद नीट पसरला. कापड पसरते तसा, सुरकुत्या हाताने काढून. पहिल्यांदा पेन घेतलं, मग ठेवलं. तिथेच खुणा करायची पेन्सिल होती. तिने ती उचलली आणि हलक्या हाताने सही केली. आधी पेन्सिलने. संध्याकाळी पेन फिरवू, असं ती मनाशी म्हणाली. कागद पाकिटात गेला. झाकण चिकटलेलं नव्हतं, नुसतं आत खोचलेलं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, पॅन्टची कंबर वाढवून घ्यायला. मावशी माप घेत असताना काकांनी टेबलावरचं पाकीट पाहिलं, जिभेने ओलं करून चिकटवलं आणि टोपी घातली. "बटणं आणायला चाललोय, हे टपालात टाकतो जाता जाता."

मावशीच्या हातात टेप होती. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं होतं. तिने हाक मारायला तोंड उघडलं.

आणि मिटलं.

काका रस्ता ओलांडून जाईपर्यंत ती त्यांची टोपी बघत राहिली. हाक पोचली असती. बटणवाल्याच्या दुकानापर्यंत धावतही जाता आलं असतं. त्यानंतरही पुरता आठवडा हातात होता, दुसरा कागद मागवता आला असता. तिने ते केलं नाही आणि कुणाला बोललीही नाही. सही ती सही, पेन्सिलची काय आणि पेनाची काय, अशी स्वतःची समजूत घालत राहिली.

आता पाचला दहा कमी होते. टाचणी पडद्यामागून आली, फोन दोन्ही हातांत धरून. येऊन टेबलाच्या कडेवर बसली.

"टेबलावर बसू नये," मावशी सवयीने म्हणाली.

"आज बसू दे ना गं."

"बसू दे हो बाई," काका म्हणाले. "उद्या हीच पूल बांधेल आणि आपल्याला वरून जायचे पैसे लावेल."

"तुम्हाला फुकट, काका. मावशीला दुप्पट. माझ्या कोटाला सहा आठवडे लावलेत हिने!"

"उत्तर येऊ दे, मग पक्का करते."

"म्हणजे तुला वाटतंय नाही येणार!"

"तसं नाही गं."

पाच वाजले. टाचणीने बोट फिरवलं. काकांच्या हातातला दोरा थांबला. पोरीचा चेहरा आधी कोरा झाला. मग तिने तेच पुन्हा वाचलं, ओठ हलवत, लहानपणी वाचायची तसं.

"हो नाही," ती म्हणाली. "नाही पण नाही."

"म्हणजे काय?"

"पालकांची सही शाईत नाही. म्हणून अर्ज लवकरच्या निवडीत धरला नाही. सगळ्यांबरोबर, तीन महिन्यांनी बघू म्हणतायत." तिने मान वर केली. "शाईत नाही म्हणजे? कशाने केलीस सही?"

मावशीने टेबलावरच्या पेन्सिलकडे पाहिलं. उत्तर तेवढंच होतं.

काकांनी कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं! न विचारता उचललं मी पाकीट. पोरी, बोल मला काय बोलायचं ते. बाईंना संध्याकाळी पेन फिरवायचं असणार, मीच उपटसुंभासारखा..."

केवढी सोपी वाट होती! म्हातारा स्वतःहून पाठ पुढे करत होता. मावशी नुसती गप्प बसली असती तरी भागलं असतं. गप्प बसण्याचा सहा आठवड्यांचा सराव होताच.

"काका, थांबा," ती म्हणाली. "तुम्ही पाकीट नेताना मी पाहिलं होतं. तुम्ही सांगून नेलंत. हाक मारायची होती, मारली नाही."

टाचणी टेबलावरून खाली उतरली.

"मारली असतीस तर काय झालं असतं?" टाचणीने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तू गेली असतीस."

"मला विचारलं असतंस तर मी..." पोर थांबली. फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि पडद्यामागे गेली. ते वाक्य मावशीला पुढे कधीच पूर्ण ऐकायला मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मावशीने तो कोट मशीनखाली घेतला. "अंगावर घालून बघतेस का?" असं तिने पडद्याजवळ जाऊन विचारलं. आतून उत्तर आलं नाही. मग उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तिने गिऱ्हाइकाच्या अंगावर न घालता कपडा पक्का केला. दोरा दुहेरी लावला, अस्तर हाताने टाचलं, काजं काकांनी केली. कच्चे टाके उसवून त्यांचा पांढरा गुंता तिने मुठीत घेतला आणि बराच वेळ टाकला नाही.

तीन महिन्यांनी उत्तर आलं: अर्ज चांगला, पण जागा भरल्या. टाचणी गावातल्याच कॉलेजात गेली. तिथे पूल शिकवत नाहीत, रस्ते शिकवतात. ती नीट शिकते. घरी वेळेवर येते, टाकून बोलत नाही, मावशीच्या हातचं जेवते. फक्त तिच्या जिभेचं टोक आता मावशीच्या वाट्याला येत नाही. ते काकांसाठी आणि मैत्रिणींसाठी राखलेलं आहे. मावशीशी ती चांगलं बोलते, ओळखीच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं.

थंडी पडली तशी ती कोट घालून निघाली. मावशी दारात उभी होती. शिलाई सरळ, खांदे बरोबर, कॉलर झकास. पण बाह्या दोन्हीकडे अर्ध्या बोटाने आखूड. कोट कच्चा पडून होता त्या सहा आठवड्यांत पोर वाढली असणार, की मापच तेव्हा चुकलं होतं, देव जाणे. अंगावर घालून पाहिलं असतं तर लगेच दिसलं असतं.

"अगं, दे इकडे. आत कापड ठेवलंय मी, संध्याकाळपर्यंत सोडून देते बाही."

टाचणीने एकदा आपल्या मनगटाकडे पाहिलं. उघडं पडलेलं मनगट तिने खिशात घातलं.

"राहू दे, मावशी," ती म्हणाली. "चालतंय मला."

आणि ती रस्ता ओलांडून गेली. मावशीने हाक मारली, या वेळी मारली, चांगली मोठ्याने. पण पोरीने मागे न बघता हात तेवढा वर केला, आणि त्या आखूड बाहीतून बाहेर आलेलं मनगट रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत राहिलं.